व्हिसा लागत नाही, या अर्धवट ओळीवर हजारो जीव वाचवणारा जपानी अधिकारी

परदेशात फिरायला जायचं ठरलं की आपण आधी काय शोधतो? आपल्या पासपोर्टवर कुठल्या देशात व्हिसा लागत नाही, याची यादी. यादी मिळाली की अर्धं काम झालं असं वाटतं. पण व्हिसा लागत नाही म्हणजे तिथला इमिग्रेशन अधिकारी आत सोडेलच असं नसतं. तो परतीचं तिकीट मागू शकतो, राहण्याची सोय विचारू शकतो, खिशात पैसे किती हे बघू शकतो. समाधान झालं नाही तर पुढच्या विमानाने परत पाठवू शकतो.

थोडक्यात, व्हिसा न लागणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक फट असते. प्रवाशासाठी ती डोकेदुखी असते. पण १९४० च्या उन्हाळ्यात याच फटीतून हजारो माणसं मरणाच्या दारातून बाहेर पडली. त्यांच्यासाठी ही फट उघडी ठेवणाऱ्यांमध्ये एक जपानी अधिकारी होता, चिउने सुगिहारा.

कोण होता हा माणूस आणि त्याने नेमकं काय केलं, तेच बघू.

डॉक्टर व्हायचं नव्हतं म्हणून कोरा पेपर

सुगिहारा यांचा जन्म १ जानेवारी १९०० चा, जपानच्या गिफू प्रांतातला. पोराने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा, तर पोराचा ओढा भाषांकडे. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला ते बसले खरे, पण पेपरवर फक्त स्वतःचं नाव लिहून परत आले, असं सांगितलं जातं. पुढे त्यांनी टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इंग्रजीसाठी प्रवेश घेतला. १९१९ मध्ये परराष्ट्र खात्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि खात्याने त्यांना रशियन शिकायला चीनमधल्या हार्बिनला धाडलं.

रशियन त्यांना उत्तम जमली. जपानने मांचुरिया ताब्यात घेऊन मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभं केलं, तेव्हा तिथल्या परराष्ट्र विभागात सुगिहारांना जागा मिळाली. सोव्हिएत रशियाकडून उत्तर मांचुरियातली रेल्वे विकत घेण्याच्या वाटाघाटींमध्ये त्यांचा मोठा वाटा होता. पण १९३५ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. जपानी लोक चिनी माणसांना देत असलेली वागणूक त्यांना सहन होत नव्हती, हे त्यामागचं कारण मानलं जातं.

१९३७ मध्ये ते फिनलंडमधल्या हेलसिंकीला गेले आणि १९३९ मध्ये लिथुआनियातल्या कौनास शहरात व्हाइस कॉन्सुल झाले. आता कौनासमध्ये जपानी माणसं जवळपास नव्हतीच, मग तिथे कॉन्सुलेट कशाला? तर जर्मन आणि सोव्हिएत फौजांच्या हालचालींवर नजर ठेवायला. व्हिसा देणं हे त्यांचं तिथलं मुख्य काम कधीच नव्हतं.

बाहेर पडायचं, पण जायचं कुठे?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडचा घास घेतला. पोलंडमधले हजारो ज्यू जीव मुठीत धरून शेजारच्या लिथुआनियात आले. तो देश तेव्हा तटस्थ होता. पण जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा तिथेही शिरल्या आणि परदेशी कॉन्सुलेट्सना ऑगस्टच्या अखेरपर्यंत गाशा गुंडाळायला सांगण्यात आलं.

पश्चिमेकडचा रस्ता जर्मनीने बंद केला होता. उरला फक्त पूर्वेकडचा, म्हणजे ट्रान्स-सैबेरियन रेल्वेने व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने जपान आणि जपानहून पुढे कुठेतरी. या प्रवासासाठी सोव्हिएत रशियाची बाहेर पडण्याची परवानगी हवी होती आणि जपानचा ट्रान्झिट व्हिसा हवा होता. ट्रान्झिट व्हिसा म्हणजे देशात राहायचा नाही, फक्त त्यातून पुढे जायचा परवाना. आता पुढे जायचं तर पुढचा देश तुम्हाला घेणार आहे, याचा पुरावा आधी दाखवावा लागतो. अमेरिकेचा व्हिसा कोट्यात अडकलेला. बाकीच्या देशांची दारंही बहुतेक बंद. म्हणजे शेवटचा मुक्काम नाही म्हणून मधला व्हिसा नाही, आणि मधला व्हिसा नाही म्हणून इथून सुटका नाही.

एका वाक्याचा दुसरा अर्धा भाग

हा गुंता सुटला तो कॅरेबियन समुद्रातल्या क्युरासाव या छोट्याशा बेटामुळे.

क्युरासाव ही नेदरलँड्सची वसाहत. तिथे उतरायला व्हिसा लागत नव्हता. पण नियम तिथे संपत नव्हता. बेटावर पाऊल ठेवायला गव्हर्नरची परवानगी लागायची, आणि ती सहसा मिळायची नाही. बाल्टिक देशांमधले डच राजदूत एल. पी. जे. द डेकर यांच्याकडे एका निर्वासित कुटुंबाने मदत मागितली. द डेकर यांनी पासपोर्टवर लिहून दिलं की क्युरासाव आणि सुरीनामला जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. गव्हर्नरच्या परवानगीचा भाग त्यांनी गाळला. लिहिलेला शब्दन् शब्द खरा, फक्त नियम अर्धा.

कौनासमध्ये डच कॉन्सुलचं काम नुकतंच यान झ्वार्टेन्डाइक यांच्याकडे आलं होतं. ते मुळात फिलिप्स कंपनीचे तिथले प्रमुख. मुत्सद्देगिरीचा अनुभव शून्य. पण ही ओळ त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला लिहून द्यायला सुरुवात केली. जुलैच्या अखेरीस अवघ्या दहा-बारा दिवसांत त्यांनी अशा दोन हजारांहून जास्त नोंदी केल्या.

ही ओळ घेऊन लोक सुगिहारांच्या दारात जमले.

टोकियोचा नियम आणि कौनासमधली गर्दी

जपानचा नियम साधा होता. पुढच्या देशाच्या प्रवेशाची कागदपत्रं पूर्ण असतील आणि प्रवासापुरते, जपानमधल्या मुक्कामापुरते पैसे असतील, तरच ट्रान्झिट व्हिसा. दारात उभ्या असलेल्या बहुतेकांकडे पैसे नव्हते आणि कागद म्हणून होती ती क्युरासावची एक ओळ. कित्येकांकडे तर तीही नव्हती.

सुगिहारांनी टोकियोला विचारलं. नियम पाळा, हेच उत्तर आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्यांनी पत्नी युकिको यांच्याशी चर्चा केली. आदेश मोडला तर नोकरी जाणार हे दोघांनाही कळत होतं. पदरात लहान मुलं होती. तरीही त्यांनी व्हिसा द्यायचं ठरवलं.

इथे एक बारकावा आहे. सुगिहारांनी खोटे व्हिसा दिले नाहीत. शिक्का खरा होता, सहीही खरी. त्यांनी केलं ते इतकंच की क्युरासावच्या ओळीला पुढच्या देशाचा पुरावा मानलं आणि पैशांच्या अटीकडे काणाडोळा केला. ऑगस्टच्या मध्यावर टोकियोहून तक्रार आली की तुमचा व्हिसा घेऊन आलेल्यांकडे ना पैसे आहेत ना पुढची कागदपत्रं. तरीही त्यांचा हात थांबला नाही.

तेव्हा व्हिसा हाताने लिहावा लागायचा. सकाळपासून रात्रीपर्यंत ते लिहीत बसायचे. कॉन्सुलेट बंद झाल्यावर हॉटेलमधून लिहून दिले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्लिनची गाडी सुटेपर्यंत स्टेशनवरही कागद दिले, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं आहे. त्यांनी नंतर खात्याला पाठवलेल्या यादीत सुमारे २,१४० नावं आहेत. एकेका व्हिसावर बऱ्याचदा अख्खं कुटुंब निघायचं, त्यामुळे वाचलेल्यांचा आकडा यापेक्षा मोठा धरला जातो.

पुढे काय झालं?

सोव्हिएत सरकारने तिकिटाचे पैसे डॉलरमध्ये घेऊन या लोकांना रेल्वेने जाऊ दिलं. व्लादिवोस्तोकहून बोटीने ते जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरले आणि तिथून कोबे शहरात गेले. मीर या प्रसिद्ध ज्यू धर्मपीठाचे विद्यार्थी आणि शिक्षक जवळपास सगळेच याच मार्गाने सुटले.

त्या एका ओळीची किंमत काय होती, हे १९४१ मध्ये त्सुरुगाला दिसलं. क्युरासावची नोंद नसलेल्या काही जणांना बंदरातूनच व्लादिवोस्तोकला माघारी पाठवण्यात आलं. मग कोबेमधल्या डच कॉन्सुलने तीच नोंद त्यांना मिळवून दिली, तेव्हा कुठे ते जपानमध्ये उतरू शकले.

क्युरासावला मात्र जवळपास कुणीच गेलं नाही. काहींना अमेरिका, कॅनडा, पॅलेस्टाइन अशा ठिकाणी जायला मिळालं. उरलेल्यांना जपानने १९४१ मध्ये शांघायला हलवलं आणि त्यांनी युद्धाची उरलेली वर्षं तिथे काढली. तिकडे जून १९४१ मध्ये जर्मनीने लिथुआनियावर हल्ला केला. त्यानंतर तिथले ९० टक्क्यांहून अधिक ज्यू मारले गेले.

लाइट बल्ब विकणारा माजी कॉन्सुल

सुगिहारांवर लगेच कारवाई झाली नाही. प्राग, कोनिग्सबर्ग, बुखारेस्ट अशा बदल्या होत राहिल्या. युद्ध संपताना रोमानियात सोव्हिएत फौजांनी त्यांना कुटुंबासह छावणीत ठेवलं. १९४७ मध्ये ते जपानला परतले आणि खात्याने राजीनामा मागितला. कागदोपत्री कारण होतं कर्मचारी कपात. लिथुआनियातल्या प्रकरणाची ही शिक्षा होती, असं कुटुंबाचं म्हणणं. त्याच वर्षी त्यांचा सात वर्षांचा मुलगा वारला.

पुढे मिळेल ते काम. दारोदार लाइट बल्ब विकले. अखेर रशियन कामी आली आणि एका व्यापारी कंपनीसाठी त्यांनी मॉस्कोत कुटुंबापासून दूर कित्येक वर्षं काढली. आपण दिलेल्या कागदांनी कुणी वाचलं का, हे त्यांना माहिती नव्हतं.

वाचलेले लोक त्यांना शोधत होते. अडचण झाली ती नावाची. चिउने हे नाव परदेशी लोकांना म्हणायला जड जायचं, म्हणून त्यांनी सेंपो असं सोपं नाव सांगितलं होतं. या नावाचा अधिकारी आमच्याकडे नव्हता, असं उत्तर परराष्ट्र खात्याकडून मिळायचं, असं सांगतात. अखेर १९६८ मध्ये टोकियोतल्या इस्रायली दूतावासात काम करणाऱ्या येहोशुआ निश्री यांनी त्यांना शोधून काढलं. निश्री स्वतः कौनासच्या त्या गर्दीत होते. पुढच्या वर्षी सुगिहारा इस्रायलला गेले, तेव्हा त्यांना भेटले झेराख वारहाफ्टिग. तेही याच मार्गाने सुटलेले आणि तोवर इस्रायलचे धर्मविषयक मंत्री झालेले.

१९८५ मध्ये ज्यूंचे जीव वाचवणाऱ्या परधर्मीयांना इस्रायल देतं तो सन्मान सुगिहारांना मिळाला. आजारपणामुळे तो पत्नी आणि मुलाने स्वीकारला. ३१ जुलै १९८६ ला सुगिहारा गेले. जपान सरकारने जाहीरपणे चूक मान्य केली ती २००० साली, परराष्ट्रमंत्री योहेई कोनो यांच्या हस्ते त्यांच्या स्मरणार्थ फलक लावून. झ्वार्टेन्डाइक यांना तोच इस्रायली सन्मान १९९७ मध्ये मिळाला. त्यांना जाऊन तेव्हा २१ वर्षं झाली होती.

पुढच्या वेळी एखाद्या देशाच्या नावापुढे व्हिसा लागत नाही असं वाचाल, तेव्हा त्याखालच्या अटीही नक्की वाचा. तिकीट, पैसे, राहण्याची सोय, सगळं तिथेच असतं. १९४० मध्ये दोन डच माणसांनी त्या अटी लिहायचं टाळलं, आणि एका जपानी माणसाने त्या विचारायचं.