नूतन यांचे आयुष्य आणि स्तनातील गाठ

‘बंदिनी’तल्या नूतन तुम्हाला आठवत असतील. त्यांचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत, मराठी समर्थ कुटुंबात झाला. आई शोभना समर्थ याही नामवंत अभिनेत्री. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ यांसाठी नूतन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २१ फेब्रुवारी १९९१ रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सातारा-सांगलीतल्या माझ्या वाचक भगिनींनो, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती अंगावर काढली जाते. स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्रातून रक्त, ओढली गेलेली त्वचा किंवा स्तनावरचा वाढणारा, रंग बदलणारा तीळ दिसला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. क्वचित अशी गाठ मेलानोमाची, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची असते. त्याचे उपचार वेगळे असतात. नेमका प्रकार बायोप्सीतूनच कळतो. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही भीती मनातून काढा. कर्करोगावरचे उपचार मिरज आणि कराडलाही मिळतात.