विश्लेषण : ‘बाहेरच्यां’वरचा राग निवडून आलेल्या सरकारवर का निघतो? हैदराबादचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव यांची गोष्ट

युरोपात गेली काही वर्षे निवडणुका एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत. बाहेरून येणाऱ्या लोकांबाबत निर्णय कोण घेतो आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा? ब्रिटनने २००४ मध्ये पूर्व युरोपातील नव्या सदस्य देशांच्या कामगारांना दार उघडले आणि २०१६ च्या सार्वमतात महासंघ सोडण्याचा कौल दिला. हा प्रश्न मराठवाड्याला मात्र नवा नाही. फुलंब्री, सिल्लोड, पैठण हा सारा मुलूख ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथे १९५२ मध्ये याच रागाचा स्फोट झाला. तेव्हा मुख्यमंत्रीपदी होते बुर्गुल रामकृष्णराव.

कोण होते रामकृष्णराव?

जन्म १८९९ चा, तेलंगणातील महबूबनगर जिल्ह्यातला. बुर्गुल हे गावाचे नाव, तेच आडनाव झाले. पदवीसाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले, कायद्याची पदवी मुंबई विद्यापीठाची घेतली आणि हैदराबादेत वकिली सुरू केली. तेलुगू त्यांची मातृभाषा, पण मराठी, उर्दू, फारसी, संस्कृतही त्यांना येत असे.

त्यांच्या पिढीच्या राजकारणाची सुरुवात एका अपमानातून झाली आणि त्यात मराठी माणसांचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९२१ मध्ये हैदराबादेत महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. तिथे एक वक्ता तेलुगूत बोलायला उभा राहिला, तेव्हा सभागृहातील मराठी मंडळींनी गोंधळ घालून त्याला बसवले. त्यातून आंध्र जनसंघ आणि पुढे आंध्र महासभा उभी राहिली. १९३१ च्या देवरकोंडा अधिवेशनाचे अध्यक्ष रामकृष्णराव होते. पुढे ते काँग्रेसमध्ये आले, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले.

मुल्की म्हणजे काय?

मुल्की म्हणजे या मुलखातला. उत्तर हिंदुस्थानातून आणलेले अधिकारी मोठ्या जागा अडवतात, ही तक्रार पहिल्या सालारजंगांच्या काळापासूनची. म्हणून निजामाच्या नियमांनी सरकारी नोकरी मुल्कींसाठी राखली. बाहेरच्याला मुल्की ठरायचे तर पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर चित्र पालटले. आधी लष्करी राज्यपाल जनरल चौधरी आणि १९५० पासून सनदी अधिकारी वेल्लोडी यांनी कारभार पाहिला. या काळात मद्रास, मुंबई, मध्य प्रांत इथून अधिकारी, शिक्षक, पोलीस आले. नियम कागदावर तसाच राहिला, पण खोटी मुल्की प्रमाणपत्रे मिळतात, अशी ओरड सुरू झाली. उर्दूत शिकून पदवी घेतलेल्या स्थानिक तरुणाला इंग्रजी येणारा परका डावलतो, हे दुखणे खरे होते. ही भरती झाली तेव्हा राज्यात निवडून आलेले सरकारच नव्हते, हा यातला कळीचा मुद्दा.

मग १९५२ ची निवडणूक झाली. १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि मार्चमध्ये रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. ज्याला जाब विचारता येतो असा माणूस लोकांना प्रथमच मिळाला होता. अवघ्या काही महिन्यांत वरंगळमधून विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. ३ आणि ४ सप्टेंबरला हैदराबादेत सिटी कॉलेज परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, तरुण मृत्युमुखी पडले. स्वतः मुल्की असलेला मुख्यमंत्री बाहेरच्यांचा पाठीराखा ठरला. तो अगदीच निर्दोष होता असे मात्र म्हणता येणार नाही. वेल्लोडींच्या मंत्रिमंडळात १९५० पासून महसूलमंत्री तेच होते. भरती त्यांनी केली नसेल, पण ती होताना ते सत्तेत होते.

सरकारने काय केले?

न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांच्याकडे गोळीबाराची चौकशी सोपवली. मुल्की नियमांचा विचार करण्यासाठी मंत्र्यांची उपसमिती नेमली. राग शमला, प्रश्न शिल्लक राहिला.

रामकृष्णरावांचे टिकलेले काम वेगळेच आहे. ते महसूलमंत्री असताना १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा आला. फुलंब्रीच्या तहसीलमध्ये जुन्या जमिनीचा वाद निघाला, की आजही संरक्षित कूळ, कलम ३८-ई आणि १९५४ चे खासरा पत्रक हे शब्द कानावर पडतात. ते सारे याच काळातले. कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागावी, ही त्यामागची धडपड होती. अंमलबजावणी अर्धवट राहिली, तरी निजामी जहागिरदारीतून बाहेर पडलेल्या कुळाला हातात धरायला कागद मिळाला.

१९५६ मध्ये राज्यच मोडले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले आणि तेलंगण आंध्रला जोडला गेला. त्याआधी फेब्रुवारीत दिल्लीत दोन्हीकडच्या नेत्यांचा करार झाला. त्यावर रामकृष्णरावांची सही आहे. आंध्रातून लोंढे येतील ही भीती ओळखून तेलंगणातील नोकरीसाठी बारा वर्षांच्या वास्तव्याची अट त्यात घातली होती. नव्या राज्याचे मुख्यमंत्रीपद संजीव रेड्डींकडे गेले. रामकृष्णराव केरळचे आणि नंतर उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले.

सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, करार पाळला नाही म्हणून तेलंगणातील विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर उतरले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले, तेव्हा आंध्र भागात उलटे आंदोलन पेटले. अखेर १९७३ च्या घटनादुरुस्तीनंतर ते नियम संपले. तेलंगण वेगळा झाला तो २ जून २०१४ रोजी.