फाळकेंचा सूर्य आणि सरस्वतीबाईंची चादर

दोस्तांनो, पहिली डॉक्युमेंटरी शूट करताना तुम्हीही हा घोळ घातला असेल. नांदेडच्या एका जुन्या वाड्यात आम्ही एका आजींची मुलाखत घेतली. खिडकी झकास होती, म्हणून त्यांना खिडकीसमोर पाठ करून बसवलं. घरी येऊन फुटेज बघतो तर खिडकी लख्ख आणि आजी काळ्याकुट्ट! वरून ट्यूबलाइटचे पट्टे फ्रेममधून सरकत होते. (शटर १/५० वर ठेवलं असतं तर ते टळले असते, हे नंतर कळलं.) भाड्याने लाइट आणायला पैसे नाहीत, ही आमची तक्रार. मग मी दादासाहेब फाळके वाचायला घेतले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, नंतर छपाईचा धंदा. म्हणजे चाळिशीपर्यंत माणूस प्रकाशाशीच खेळत होता. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि सिनेमाने झपाटला. फिल्मचे तुकडे आणायचे, मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्र पाडायचं, झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळेच गेले. डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांच्या जोरावर दृष्टी परत आली, आणि १९१२ मध्ये गडी विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला!

परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय शूट केलं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. महिनाभराहून जास्त दिवस, रोज थोडं थोडं. आज आपण त्याला टाइम-लॅप्स म्हणतो. करून बघा एकदा. आज ऊन, उद्या ढग, की रोप वाढण्याऐवजी लुकलुकायला लागतं. कॅमेरा हलू न देणं सोपं, रोज सारखा उजेड मिळवणं अवघड. याच फिल्मवर त्यांनी भांडवल उभं केलं.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. दादरच्या घरीच स्टुडिओ. तेव्हाची फिल्म फार मंद, तिला भरपूर उजेड लागायचा, त्यामुळे सगळी मदार उन्हावर. पण ऊन फुकट असलं तरी सोपं नसतं. दुपारी ते डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली काळा डाग. त्यावर उपाय म्हणजे पांढरी चादर. ती समोरून, थोडी खालून धरली की ऊन उलटून चेहऱ्यावर येतं आणि सावली मऊ होते. ही चादर तासन् तास उन्हात धरून कोण उभं राहायचं? सरस्वतीबाई फाळके. त्याच बाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या. दागिनेही त्यांचेच गेले. ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. नाव झालं दादासाहेबांचं. मला हे वाचून थोडा रागच आला.

कथापटांच्या गर्दीत त्यांचे माहितीपट आपण विसरतो. तळेगावचा काच कारखाना, गोदावरीची दृश्यं, वेरूळची लेणी. काच कारखान्यातली भट्टी डोळ्यांना ढणढणीत दिसते, पण त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. वेरूळ तर आपल्या मराठवाड्यातलंच. कैलास लेण्याचं अंगण आभाळाला उघडं, आत पाऊल टाकलं की मिट्ट अंधार. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन आत शिरतं ते दुपार कलल्यावर. सकाळच्या बसने कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी बघावं.

१९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

पुढच्या आठवड्यात आमचं शूट लातूरच्या गंजगोलाईत आहे. रस्त्यावर रणरणतं ऊन, दुकानात अंधार. ठरलंय असं: दुकानदाराला उंबऱ्याजवळ आणायचं, तोंड रस्त्याकडे, दुकानातली ट्यूब बंद, आणि रस्त्यावरचं ऊन चादरीने आत फेकायचं. चादर कोण धरणार, यावर मात्र ग्रुपवर अजून भांडण चालू आहे.