हिस्लॉप : नागपूरच्या खडकांपासून हैदराबादच्या जीवाश्मांपर्यंत

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. हेच नाव हैदराबादच्या पश्चिमेस नस्कल येथे सापडलेल्या एका आद्य सस्तन प्राण्यालाही लाभले आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून भोसल्यांच्या नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा उघडली. मराठी आत्मसात करून त्यांनी गोंडांच्या परंपरागत कथाही टिपून ठेवल्या. १८५१ मध्ये नागपूरजवळील टाकळी येथे त्यांना व सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म आढळले. लाव्हाचे दोन थर वाहून येण्यामधल्या काळात तळ्यांत साचलेला हा गाळ होता. हिस्लॉप यांनी त्याचे वय इओसीन काळातील मानले. पुढील संशोधनाने असे बरेच थर डायनोसॉरांच्या अखेरच्या काळापर्यंत मागे नेले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. सेहेचाळीसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. त्यांची अप्रकाशित टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, प्रसाद व साहनी या संशोधकांनी नस्कलच्या तशाच थरांतील इवल्याशा दातांवरून भारतातील पहिल्या क्रेटेशियस सस्तन प्राण्याची नोंद केली आणि त्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ असे नाव दिले. पुढे मिळालेल्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडावर चढणारा असावा, असे दिसले. त्यामुळे माकडे व मानव ज्या नरवानर गणात मोडतात, त्याच्या मूळ शाखेजवळ काहींनी त्याला स्थान दिले. तसे ठरते, तर या गणाच्या आप्तांचा उगम बेटासारख्या एकाकी भारतात शोधावा लागला असता. परंतु २०११ च्या विश्लेषणाने त्याला अधिक प्राचीन शाखेवर बसवले. वृक्षवास हा स्वतंत्रपणेही येऊ शकणारा गुण असल्याने तेवढ्यावरून नाते सिद्ध होत नाही.

भारतातील निःसंदिग्ध आद्य नरवानर गुजरातच्या वस्तान खाणीत मिळाले. ते डेक्कनोलेस्टिसहून सुमारे एक कोटी वर्षांनी अलीकडचे आहेत. मधल्या काळाचा दुवा शोधणाऱ्यांना आजही लाव्हाच्या थरांमधला तोच गाळ चाळावा लागतो, ज्याकडे हिस्लॉप यांनी लक्ष वेधले होते.