स्ट्रेसचं बारसं करणारे डॉ. हान्स सेल्ये

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या कुठल्याही रूमवर जा, एक शब्द हमखास कानावर पडणार : स्ट्रेस! आपल्याला हा शब्द दोनदा भेटतो. एकदा स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या लेक्चरला, बल भागिले क्षेत्रफळ म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याच विषयाच्या पेपरच्या आदल्या रात्री! सळईसाठी वापरला जाणारा हा शब्द माणसाच्या शरीराला कायमचा चिकटवला तो डॉ. हान्स सेल्ये यांनी.

सेल्येंचा जन्म १९०७ साली व्हिएन्नात झाला. वडील हंगेरियन, लष्करात डॉक्टर, आई ऑस्ट्रियन. प्रागमध्ये मेडिकल शिकताना प्रोफेसर एकामागून एक पेशंट दाखवत आणि प्रत्येकाच्या रोगाची खास लक्षणं समजावून सांगत. सेल्येंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. रोग वेगवेगळे असूनही सगळे पेशंट सारखेच आजारी का दिसतात? भूक नाही, अंग दुखतंय, वजन उतरतंय. प्रश्न इतका साधा होता की तो तेव्हा तसाच राहून गेला.

१९२९ मध्ये ते डॉक्टर झाले. १९३१ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर अमेरिकेला आणि तिथून कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत पोचले. इन्सुलिनच्या शोधातले कॉलिप हे तिथे त्यांचे बॉस. सेल्ये अंडाशयातलं नवीन हॉर्मोन शोधत होते. अर्क टोचल्यावर उंदरांमध्ये तीन बदल दिसले : अॅड्रिनल ग्रंथी फुगल्या, थायमस आकसली आणि पोटात अल्सर झाले. सेल्ये खूश! पण मग दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचले तरी तेच झालं. शेवटी चक्क फॉर्मॅलिन टोचलं, तरी तेच! म्हणजे नवीन हॉर्मोन वगैरे काही नव्हतंच. सगळी मेहनत पाण्यात.

आपल्यापैकी बहुतेकांनी इथे प्रोजेक्टचा विषय बदलला असता. सेल्येंना मात्र प्रागचे ते पेशंट आठवले. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, वेगवेगळी औषधं दिली. कारण कुठलंही असो, शरीराचं उत्तर एकच. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं. गंमत म्हणजे त्यात स्ट्रेस हा शब्दच नव्हता! तीन टप्पे मात्र होते : आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं आणि शेवटी गळून जाणं. लॅबमधली टेन्साइल टेस्ट आठवा. सळई ओढत राहिलं की ती बराच वेळ तग धरते, मग बारीक होते आणि एकदम तुटते.

सुरुवातीला फार कमी जणांनी त्यांना पाठिंबा दिला. एका वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने तर तू घाणीच्या अभ्यासात आयुष्य फुकट घालवतोयस असंच सुनावलं. तेव्हा इन्सुलिनवाले नोबेल विजेते बँटिंग त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि एक छोटीशी ग्रँट मिळवून दिली. पुढे १९४५ पासून सेल्येंनी माँट्रियल युनिव्हर्सिटीत स्वतःची मोठी संस्था चालवली. आपलं इंग्लिश आणखी चांगलं असतं तर आपण स्ट्रेसऐवजी स्ट्रेन शब्द घेतला असता, असं त्यांनी नंतर कबूलही केलं. एसओएमवाल्यांना हे लगेच पटेल!

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. संस्था मोठी, खर्च मोठा. सेल्येंनी सिगारेट कंपन्यांचे पैसे घेतले. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्यांनी सिगारेट कंपन्यांना सोयीची साक्ष दिली. सिगारेटने काहींचा ताण हलका होतो, असा त्यांचा सूर होता. ही देवघेव किती खोल होती, हे जगाला पुढे खटल्यांमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद खुले झाल्यावर कळलं. ताण हे आजाराचं कारण ठरलं की सिगारेटवरचा संशय आपोआप पातळ होतो, हे कंपन्यांना बरोब्बर कळलं होतं.

सेल्येंचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. त्यांचे विद्यार्थी रॉजर गिलमिन यांना मात्र मेंदूतल्या हॉर्मोन्सच्या शोधासाठी १९७७ चं नोबेल विभागून मिळालं. त्या कामामागे अमेरिकन सरकारचा, म्हणजे करदात्यांचा पैसा वर्षानुवर्षं होता. त्याआधी १९६८ मध्ये ब्रूस मॅक्युअन यांनी दाखवलं होतं की अॅड्रिनलचं स्ट्रेस हॉर्मोन उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन बसतं. हाच भाग आठवणी साठवायला मदत करतो. सततचा ताण स्मरणशक्तीला का भोवतो, याचा धागा इथे सापडला.

१९८२ मध्ये माँट्रियलला सेल्ये गेले. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कारण कुठलंही असलं तरी उत्तर एकच, हा त्यांचा नियम पुढच्या संशोधकांनी बराच दुरुस्त केला. तरी फसलेल्या प्रयोगाकडे दुसऱ्यांदा बघायची त्यांची जिद्द घेण्यासारखी आहे, आणि पैशाच्या बाबतीतली त्यांची चूक लक्षात ठेवण्यासारखी. उद्या आपणही कुणाच्या तरी पैशावर टेस्टिंग करू, रिपोर्ट लिहू. रीडिंग काय आलं याच्याबरोबर पैसा कुणाचा होता, हेही त्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर यायला हवं.