माशाला भुलवणारी माशी

आपल्याकडे मासळीबाजारात राज्य बायकांचं. भाव त्या सांगणार, घासाघीस त्या ऐकून घेणार, पैसे त्याच मोजणार. पण नदीकाठी गळ टाकून तासन्‌तास बसलेली बाई पाहिलीय का तुम्ही? क्वचितच. म्हणून मेरी ऑर्विस मार्बरीविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार नवल वाटलं. कुठल्या माशाला, कुठल्या पाण्यात, कुठलं आमिष दाखवावं याचं अमेरिकेतलं एक मोठं पुस्तक १८९२ साली या बाईने तयार केलं. गळाने मासे धरण्याचा छंद असलेल्या जगात तिचं नाव आजही आदराने घेतात.

मेरीचा जन्म १८५६चा, अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातल्या मँचेस्टर गावचा. डोंगर, थंड पाण्याचे ओढे, उन्हाळ्यात हवापालटाला येणारी शहरी मंडळी असं ते गाव. तिच्या काकांचं तिथे हॉटेल होतं. वडील चार्ल्स ऑर्विस यांनी मेरीच्या जन्माच्याच वर्षी मासेमारीच्या काठ्या आणि इतर सामानाचा धंदा सुरू केला. हॉटेलात उतरलेले पाहुणे सकाळी काठी घेऊन ओढ्यावर जायचे आणि सामान घ्यायला चार्ल्सच्या दुकानात यायचे. चार्ल्स कल्पक माणूस. १८७४ साली त्यांनी दोरा गुंडाळायच्या एका रिळाचं पेटंट घेतलं. रिळाच्या दोन्ही बाजूंना भोकं, म्हणजे वजन कमी आणि ओला दोराही लवकर वाळणार.

आता या छंदातली ‘माशी’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात. ‘फ्लाय’ म्हणजे मात्र खोटी माशी. छोट्याशा गळाभोवती रेशमी धागा, कोंबड्याच्या मानेची पिसं, बदकाचं पीस, मोरपिसाचे तंतू, सोनेरी जरीची तार असं काय काय गुंडाळायचं, की पाण्यात पडल्यावर माशाला तो किडा वाटावा, नाहीतर निदान खायला धावावंसं तरी वाटावं. नखाएवढ्या जागेत हे सगळं बसवायचं. एक वेढा सैल पडला तर चार वेळा पाण्यात फेकल्यावर माशी उसवणार. भरतकाम करणाऱ्या मैत्रिणींना या कामाची कल्पना लगेच येईल.

दुकान वाढलं तशी चांगल्या माश्यांची मागणीही वाढली. १८७६ साली हा विभाग चार्ल्सनी मुलीच्या हाती दिला. मेरी तेव्हा वीस वर्षांची! तिला शिकवायला न्यूयॉर्कचा जॉन हेली हा निष्णात कारागीर नेमला. मेरी शिकली आणि मग गावातल्या तरुण मुलींना हाताशी घेऊन तिने माश्या बांधायचं कामघर चालवलं. काळ लक्षात घ्या. आपली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला पोचली ती १८८३ साली. तिथल्या बाईलासुद्धा धंद्यात असं जबाबदारीचं काम सहज मिळत नव्हतं.

मेरीचं लग्न जॉन मार्बरी नावाच्या गृहस्थांशी झालं, पण तो संसार टिकला नाही. मार्बरी हे आडनाव तेवढं तिच्याजवळ राहिलं आणि पुढे पुस्तकावर छापलं गेलं. तिचं आयुष्य मँचेस्टरमध्ये, वडिलांच्या दुकानात, पिसं आणि रेशीम यांच्या सोबतीने गेलं.

या कामात एक मोठी अडचण होती, नावांची. माझ्या माहेरी घावन म्हणतात, सासरी धिरडं. पिठात आणि जाडीत थोडा फरक, पण त्यावरून वाद घालायला घर पुरत नाही. माश्यांचंही तसंच. एकाच माशीला चार गावांत चार नावं, नाहीतर एकाच नावाच्या चार वेगवेगळ्या माश्या. गिऱ्हाईक पत्राने नाव कळवायचं, दुकानातून आपल्या समजुतीने माशी जायची आणि ती बघून गिऱ्हाइकाचं डोकं फिरायचं. बांधणाऱ्या मुलींनी तरी कुठला नमुना खरा मानायचा?

यावरून एकदा ऑर्विस मंडळींच्या बैठकीत चांगली चर्चा रंगली होती. ‘कोचमन’, म्हणजे गाडीवान, या नावाची एक जुनी इंग्लिश माशी आहे. तिचं अंग मोरपिसाच्या तंतूंचं. हे तंतू लवकर झिजतात, म्हणून जॉन हेलीने १८७८ साली मधोमध लाल रेशमाचा पट्टा आवळला आणि मागे पट्टेदार बदकपिसाची शेपटी लावून नमुना पाठवून दिला. बैठकीतल्या एकाचं म्हणणं, नावं कशाला हवीत, सरळ नंबर द्या! हीच माशी बघा, धड कोचमन नाही, मग हिला म्हणणार काय? त्यावर मेरीचे एक काका म्हणाले, एवढी नटलीय तर ‘रॉयल कोचमन’ म्हणा. शाही गाडीवान! झिजू नये म्हणून मारलेल्या एका पट्ट्यातून जगप्रसिद्ध माशी जन्माला आली. हा किस्सा मेरीनेच पुस्तकात लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

नावांचा गोंधळ सोडवायचा तर स्वतःच नावं ठरवून ती छापून टाकणं सोपं होतं. दुकान आपलं, कामघर आपलं. पण तिथे वेगळाच मार्ग धरला गेला. १८९०च्या सुमारास ऑर्विसच्या दुकानातून देशभरच्या मासेमारांना पत्रं गेली. तुमच्या भागात कुठले मासे आहेत? कुठल्या माश्या तुम्ही वापरता? कधी आणि कशा? दोनशेहून जास्त लोकांनी उत्तरं पाठवली. ती मेरीने वाचली, लावली, जुन्या पुस्तकांतून एकेका माशीचा इतिहास शोधला आणि पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ तयार केला. ‘फेव्हरिट फ्लाइज अँड देअर हिस्टरीज’ हे त्याचं नाव. बत्तीस रंगीत चित्रपानं, त्यांवर अडीचशेहून जास्त माश्या, प्रत्येकीखाली नाव. शिवाय आलेली पत्रं, लिहिणाऱ्याच्या नावागावासकट.

यातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे बास माशाचा. बास हा अमेरिकेचा लाडका मासा. त्याचे मुख्य प्रकार दोन. मोठ्या तोंडाचा बास संथ, उबदार, पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यांत राहतो. लहान तोंडाचा बास थंड, नितळ, खडकाळ पाण्यात. ट्राउट नावाचा मासा कधीकधी फार चोखंदळ होतो. त्या वेळी पाण्यावर जो किडा असेल, हुबेहूब तसलीच माशी त्याला लागते. बासचं तसं नाही. तो बेडूक खातो, झिंग्यासारखे जीव खातो, लहान मासे खातो, किडे खातो. भूक नसली तरी समोर काही वळवळलं तर रागाने नाहीतर कुतूहलाने झडप घालतो. मग त्याच्यासाठी नक्कल करायची तरी कशाची?

म्हणून बासच्या माश्या मोठ्या आणि भडक. डॉ. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरांनी १८८१ साली बासवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यांची ‘पोल्का’ ही माशी लाल अंगाची, वर पांढऱ्या ठिपक्यांचे काळे पंख. ‘लॉर्ड बाल्टिमोर’ नारिंगी आणि काळी. ‘पार्माचेनी बेल’ लाल-पांढरी. मासेमार ट्राउटच्या पोटाखालचा लाल-पांढरा पर कापून आमिष म्हणून लावायचे आणि मोठे मासे त्यावर धावायचे. हेन्री वेल्स यांनी तेच रंग पिसांत उतरवले. ही माशी मुळात ट्राउटसाठी, पण बासलाही चालली.

निवडीचा एक साधा नियम तेव्हाचे जाणकार पाळत. ऊन लख्ख आणि पाणी नितळ असेल तर माशी लहान, मंद रंगाची. आभाळ भरलेलं, पाणी गढूळ किंवा दिवस कलता असेल तर मोठी आणि उठून दिसणारी. माशी कमळाच्या पानांच्या कडेला, खडकाच्या सावलीत अलगद टाकायची, थोडी बुडू द्यायची, मग हलकेच ओढायची. घाई केली की मासा गेला.

पण नियम कितीही सांगितले तरी माणसांचे अनुभव जुळत नाहीत. एकाला जी माशी हुकमी वाटते, ती दुसऱ्याच्या तळ्यात फुकट. कुणी पेटीभर माश्या बाळगतो, कुणी दोन-तीनवर आयुष्य काढतो. मेरीने यातल्या कुणाला खोटं पाडलं नाही. पाणी वेगळं, ऋतू वेगळा, हात वेगळा, तर उत्तरही वेगळं असणार, हे तिने ओळखलं होतं. नावांच्या बाबतीत काटेकोर राहायचं आणि अनुभवांच्या बाबतीत मोकळं, हे तिचं शहाणपण मला फार मोठं वाटतं. आपण घरात नेमकं उलटं करतो ना? वस्तूची नोंद ठेवत नाही आणि मतावर मात्र अडून बसतो.

पुस्तक खूप खपलं, त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी, त्याच शहरात स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं होतं. या प्रदर्शनासाठी मेरीने मोठ्या चौकटी तयार केल्या. अमेरिकेतल्या नद्यातळ्यांचे फोटो आणि सोबत तिथे चालणाऱ्या खऱ्या माश्या! त्या चौकटी आज मँचेस्टरमधल्याच फ्लाय फिशिंगच्या संग्रहालयात आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. त्या काळच्या सॅमन माशाच्या माश्यांमध्ये आपल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं सर्रास वापरत. आपल्या सह्याद्रीत राहणारा राखाडी रानकोंबडा तो हाच. छंद परदेशातला आणि जीव गेला इथल्या पाखराचा. पुढे १९०२ साली हिंदुस्थानातून पिसं बाहेर पाठवायला बंदी आली आणि १९७२च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण मिळालं.

मेरी १९१४ साली वारली. वडील तिच्यामागून वर्षभराने गेले. कंपनी पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली, पण ऑर्विस हे नाव टिकलं. मेरीच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींची नावं मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतात. माशीच्या डबीवर नाव दुकानाचं. मेरीचं नाव उरलं, कारण तिने हातातली विद्या कागदावर उतरवली आणि स्वतःच्या नावाने छापली.

मैत्रिणींनो, आपल्याही घरांत अशा विद्या आहेत. कुणाची गोधडी, कुणाचं सांडग्याचं प्रमाण, कुणाचे बाळंतिणीचे लाडू. चार जणींना विचारून लिहून काढा. प्रत्येकीचं म्हणणं वेगळं असेल, तर वेगळंच लिहा. आणि खाली तिचं नाव, गाव टाकायला विसरू नका.