वंशधनाचा राखणदार

न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात एकदा एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तेथे घोड्यांच्या पायांचे जीवाश्म क्रमाने मांडून ठेवलेले होते. प्राचीन घोड्याच्या पायाला अनेक बोटे असत. लक्षावधी वर्षांत ती कमी होत जाऊन एकच खूर कसा उरला, हे वडिलांनी मुलाला समजावून सांगितले. सजीवांत असे बदल घडतात तरी कसे, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला. तो मुलगा म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेले शास्त्रज्ञ हर्मन जोसेफ म्यूलर.

हर्मनचा जन्म २१ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. १९०० साली त्याचे पितृछत्र हरपले. तरीही शिक्षणाची जिद्द त्याने सोडली नाही. शिष्यवृत्ती मिळवून १९०७ साली तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. खर्च भागविण्यासाठी त्याने बँकेत निरोप्याचे आणि हॉटेलात कारकुनाचे काम केले. रात्रशाळेत परदेशी लोकांना इंग्रजी शिकविले.

कोलंबियात टॉमस मॉर्गन हे प्राध्यापक फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माश्यांचा अभ्यास करीत असत. आईबापांचे गुण संततीत उतरविणारी जनुके पेशीतील गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात, हे त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी दाखवून दिले. त्या शिष्यांत म्यूलर होते. १९२१ साली म्यूलर यांनी एक धाडसी तर्क मांडला. जीवाणूंचा नाश करणारे अतिसूक्ष्म विषाणू म्हणजे जणू सुटी जनुकेच असावीत, असे त्यांना वाटले.

जनुकांत आपोआप होणारे बदल फार विरळा असतात. हजारो माश्या तपासाव्यात, तेव्हा कोठे एखादा बदल हाती लागे. क्ष-किरण शरीराच्या आत शिरतात. मग ते जनुकांपर्यंत पोहोचून त्यांत बदल घडवू शकणार नाहीत काय? टेक्सास विद्यापीठात १९२६ च्या अखेरीस म्यूलर यांनी माश्यांवर क्ष-किरण सोडले. ज्यांच्यावर किरण पडले त्या माश्या वरवर धडधाकट दिसत. परंतु त्यांच्या संततीत कोणाचे डोळे निराळ्या रंगाचे, तर कोणाचे पंख वेडेवाकडे निघू लागले. म्यूलर रात्री उशिरापर्यंत काम करीत आणि नवा बदल दिसला की आनंदाच्या भरात खिडकीतून खालच्या मजल्यावरील सहकाऱ्याला ओरडून सांगत. किरणांच्या मोठ्या मात्रेने बदलांचे प्रमाण सुमारे दीडशे पटींनी वाढले होते! १९२७ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

या आनंदाबरोबर एक चिंताही आली. घडलेले बहुतेक बदल अपायकारक, कित्येक तर प्राणघातक होते. जे माशीच्या बाबतीत घडते ते माणसाच्याही बाबतीत घडणार, हे उघड होते. त्या काळी पादत्राणांच्या दुकानांतही माप पाहण्यासाठी क्ष-किरणांची यंत्रे वापरली जात. गरज नसता हे किरण शरीरावर घेऊ नयेत, घ्यावे लागले तर आवश्यक तेवढेच घ्यावेत, असे म्यूलर सांगू लागले.

सत्याचा आग्रह त्यांना महागात पडला. १९३३ साली ते संशोधनासाठी रशियात गेले. तेथे लिसेंको नावाच्या मनुष्याने जनुकशास्त्रच खोटे ठरविण्याचा घाट घातला होता. १९३६ साली म्यूलर यांनी भर सभेत त्याला विरोध केला आणि पुढच्या वर्षी त्यांना तो देश सोडावा लागला. त्यांचे सहकारी वाव्हिलोव्ह यांचा १९४३ साली तुरुंगात अंत झाला.

पुढे म्यूलर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विद्यापीठात ल्युरिया या शास्त्रज्ञाच्या हाताखाली जेम्स वॉटसन या तरुणाने क्ष-किरणांचा विषाणूंवर होणारा परिणाम अभ्यासला. म्यूलर यांच्या दोन कल्पना येथे एकत्र आल्या. याच वॉटसन यांनी १९५३ साली क्रिक यांच्यासह डी.एन.ए.ची दुहेरी पिळाची रचना मांडली, आणि किरण नेमके कशाला इजा करतात, ते कळण्याचा मार्ग मोकळा झाला.

डी.एन.ए.ची नक्कल होताना त्याचा पीळ उलगडावा लागतो. हे काम हेलिकेज नावाचे विकर करते; कित्येक विषाणूंजवळही स्वतःचे असे विकर असते. धाग्याला इजा झालेली असेल, तर विकर तेथे अडखळू शकते आणि पुढची नक्कल खोळंबते.

१९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीविषयी मोठी परिषद भरली. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने म्यूलर यांना तेथे निबंध वाचू दिला नाही. ते शांतपणे श्रोत्यांत जाऊन बसले. तेव्हा जमलेल्या शास्त्रज्ञांनी उभे राहून त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी अणुयुद्धाविरुद्ध निघालेल्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली.

५ एप्रिल १९६७ रोजी म्यूलर यांचे निधन झाले. आज दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढताना तंत्रज्ञ आडोशाला उभा राहतो. त्या साध्या दक्षतेमागे म्यूलर यांच्यासारख्यांचे परिश्रम आहेत. आपल्या शोधाने कीर्ती मिळाली तरी त्यातील धोका त्यांनी लपविला नाही. अजून जन्माला न आलेल्या मुलांचीही त्यांनी काळजी वाहिली.